वाढ संपेपर्यंत

थंडीची बातमी आमच्या घरात सगळ्यांत आधी माझ्या उजव्या गुडघ्याला कळते. कपाटातले स्वेटर खाली उतरायच्या आत, शिरूरच्या बाजारात ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसायच्या आत, एका पहाटे तो आतल्या आत कुरकुरतो. दुखत नाही फारसा. नुसता हजेरी लावतो. मी शाळेत खेळ शिकवते, मुलांना रोज ‘हजर’ म्हणायला लावते, तेव्हा माझ्याच गुडघ्याने हजेरी लावली तर तक्रार करायला मला तोंड नाही.

यंदा तो जरा लवकरच बोलला. त्याच आठवड्यात रविवारी आमच्या वस्तीवर जायला निघाले. न्हावरा मागे टाकून गाडी चौफुल्याच्या बाजूला लागली आणि एका वळणावर गुऱ्हाळाचा वास आला. उकळत्या रसाचा, चुलाणात जळणाऱ्या चिपाडाचा, गरम काकवीचा. काच खाली केली. शेजारी सई बसली होती, माझी मुलगी, तेरा वर्षांची, पाय पुढे लांब करून, गुडघ्याला पट्टा बांधलेला. ती म्हणाली, “मम्मी, थंडी वाजतेय, काच लाव ना.” मी लावली. पण वास आत आला तो आलाच. आणि मी आठवीतली कल्पी झाले. माझाही पाय तेव्हा असाच लांब केलेला होता.

आमची वस्ती भांडगावच्या अलीकडे, हायवेपासून आत. दहा-बारा घरं, एक छोटा विहार, त्याच्या पुढ्यात लिंब. वडील रांजणगावच्या एका कंपनीत होते. तिथेच चौघांत मिळून खोली घेऊन राहायचे आणि गुरुवारी सुट्टीला घरी यायचे. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी म्हणजे गुरुवार. रविवार हा शाळेचा असतो, कंपनीचा नाही, हे मला लहानपणापासून पाठ होतं. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. आई दुसऱ्यांच्या रानात जायची, कांदे लावायला, ज्वारी काढायला. आणि मी कबड्डी खेळायचे. दुसरं काही मला धड येत होतं असं माझ्या कुठल्याही शिक्षकाने कधी म्हटलेलं आठवत नाही.

कबड्डी मात्र यायची. खेळाचे सर म्हणायचे, “कल्पीचा पाय मधल्या रेघेला टेकला की समजा समोरची निम्मी टीम घरी गेली.” थंडी पडली की सुगी उरकेपर्यंत आमच्याकडे गावोगाव सामने व्हायचे. पाणी मारून, चोपून केलेलं मैदान, फक्कीने आखलेल्या रेघा, कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेली माणसं. पोरींचे सामने दुपारी, कारण संध्याकाळ पोरांची. ट्रॉलीतनं कुणीतरी ओरडायचं, “धर तिला, धर!” आणि मी धरली जायची नाही. त्या सुखाला अजूनही दुसरं नाव सापडलेलं नाही मला.

दौंडला तालुक्याच्या स्पर्धा होत्या. मैदानापासून रेल्वे जवळ, सारख्या शिट्ट्या. मी चढाईवर होते, दोघींना बाद करून परत फिरले. पाऊल जमिनीत रोवलेलंच राहिलं आणि बाकीची मी वळले. आम्ही मुलं गुडघ्यावर ऊस मोडायचो ना, तसा आवाज आला. तोही बाहेर नाही, आत. मी खाली पडले, पण हात रेघेच्या पलीकडे होता. दोन गुण मिळाले. ते गुण मिळाले याचा मला आजही आनंद आहे, हे सांगितलं की आमचे डॉक्टर हसतात.

पहिल्यांदा अर्थातच हाडवैद्य. त्यांनी लेप लावला, पट्ट्या बांधल्या, “हाड शाबूत हाय” म्हणाले, आणि ते खरंच होतं. सूज उतरली. मी चालायला लागले, विहिरीवर जायला लागले. सगळे म्हणाले, झाली बरी. मग एक दिवस शेळीच्या मागे वळले आणि गुडघा जागेवरून निसटला. कसं सांगू, पाय आपलाच, पण ऐन वेळी ओळख न दाखवणारा. असं तीन-चारदा झाल्यावर अण्णांनी रजा टाकली आणि मला पुण्याला नेलं.

ते डॉक्टर तरुण होते. मोठ्या मशीनमधला फोटो आणि साधा एक्स-रे, दोन्ही त्यांनी उजेडावर लावले. म्हणाले, “गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलंय. ते आपोआप जुळत नाही. तिच्याच मांडीमागची एक दोरी काढून तिथं नवीन बसवावी लागेल.”

“बसवा,” अण्णा म्हणाले.

“आत्ता नाही. ही बघा.” त्यांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. गुडघ्याच्या वर आणि खाली, हाडात आडवी बारीक काळी रेघ होती. “हाड इथनं वाढतं. नवीन दोरी ओवायला हाडाला भोक पाडावं लागतं, ते नेमकं या रेघेतनं जातं. रेघेला धक्का लागला तर पाय वाकडा वाढेल, नाहीतर आखूड राहील. वाढ पूर्ण झाली की ही रेघ बुजते. मग करू.”

“म्हंजी थांबायचं?”

“थांबायचं. तोवर पळायचं नाही, झटक्यात वळायचं नाही, कबड्डी तर नाहीच.”

“कवापस्तोर?”

“वाढ संपेपर्यंत.”

एस.टी.त मी खिडकीला डोकं लावून रडत होते आणि अण्णा माझ्या पायावर हात ठेवून बसले होते, जणू काय तो तिथेच वाढेल आणि पळून जाईल.

आता गंमत बघा. जगातली सगळी माणसं लेकराच्या वाढीकडे डोळे लावून बसतात. आमच्या घरात मात्र मी कधी वाढायची थांबते याची वाट सुरू झाली. माझ्या निळ्या स्कर्टला आईने खाली भरपूर दुमड घालून ठेवली होती. दर वर्षी ती उसवून थोडी सोडायची आणि शेजारणीला दाखवायची, “बघ, आलीच आखूड.” त्या वर्षी दिवाळीनंतर तिने दुमड सोडली तेव्हा मी तिच्याशी बोलले नाही. तिचा काय दोष? पण मला ती सुई-दोऱ्याने माझी शिक्षा वाढवतेय असं वाटत होतं. दुमड सोडली की जुन्या घडीची एक गडद रेघ कापडावर उरते. मी पाटावर बसून ती नखाने खरवडायची.

डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं होतं, की पाळी सुरू झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत मुलींची उंची थांबते. पोरगी ‘शहाणी’ झाली की घरोघरी आया काळजीत पडतात. आमची आई मात्र त्याची वाट बघत बसली. “आज काय न्हाई ना गं?” असं हळूच विचारायची आणि नाही म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. पुढे ते झालं तेव्हा तिने शेवयाची खीर केली. मला कसलं कौतुक चाललंय ते कळत होतं आणि शेजारणींना कळत नव्हतं.

पण तेरा-चौदाच्या वयाला धीर कुठला? मला घाई होती. आणि घाईवर माझ्याजवळ एक इलाज होता.

आमच्याकडे निजलेल्या लेकराला ओलांडत नाहीत. ओलांडलं की उंची खुंटते. चुकून कुणी ओलांडलंच, तर तसंच माघारी ओलांडून परत यायचं, म्हणजे उतारा पडतो. आई याबाबतीत भारी कडक. भाऊ झोपलेल्या माझ्यावरून गेला की तव्यासमोरून ओरडायची, “माघारी फिर! वलांडू नगं पोरीला!” आणि अण्णा हसायचे. अण्णांचा असल्या कशावर काडीचा विश्वास नव्हता. शिंक आली तरी निघणारे, मांजर आडवं गेलं तर त्याला “जय भीम” घालणारे. कंपनीतल्या मित्राने गाडीला लिंबू-मिरची बांधली तर म्हणायचे, “मिरची ठेचून भाकरीसंगं खा, जास्त फायदा व्हईल.” विहारात पोरांना गोळा करून सांगायचे की बघा, पारखा, मगच माना.

तर मी पारखायचं ठरवलं. ज्वारीची काढणी होऊन कडब्याच्या पेंढ्या खळ्यात रचल्या होत्या. शाळेची टीम तिथेच सरावाला यायची. मी पेंढ्यांवर आडवी झाले आणि सुनंदाला, माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला म्हटलं, “सगळ्यांना सांग, मला वलांडून जायचं. आन् माघारी कुनी यायचं न्हाई.”

पोरींना काय, खेळच. एकेक जण परकर-स्कर्ट आवरत उडी मारून गेली. वर निळं आभाळ आणि त्यातून जाणारे धुळीचे तळपाय, एवढंच मला दिसत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, खुंट, खुंट. सगळ्या जाऊन झाल्या आणि सुनंदा एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं बया! कल्पे, तुला तर पोलिसात जायचंय. तितं उंची मोजत्यात की!”

पोलीस होणं हे माझं दुसरं स्वप्न, आणि ते पहिल्याच्या आड आलेलं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मी ओरडले, “माघारी या! सगळ्या माघारी या!” मग भांडण. कुणी म्हणे, जी शेवटी गेली तिनं आधी यायचं. कुणी म्हणे, कसंही या. सगळ्या आल्या आणि कळलं, मंगल नाही. ती शेळ्या सोडायला घरी गेलेली. म्हणजे एक ओलांडणं माझ्या अंगावर तसंच राहिलेलं. पोरी पळत गेल्या आणि मंगलला धरून आणलं. मंगल होती बेरकी. ती पेंढ्यांच्या त्या बाजूला कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “येते की. पर आधी सांगा, शिरूरच्या मॅचला पयली चढाई कुनाची?”

पहिली चढाई माझी असायची. सुनंदाने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, “तुझीच. ये आता.” मंगल आली.

त्या दिवशी सगळ्या हसत घरी गेल्या आणि मीही हसले. पण पहिली चढाई गेली होती.

शिरूरच्या सामन्यांना टीम गेली तो दिवस गुरुवार होता. सर म्हणाले होते, “तू पण चल, बघायला.” मला बघायचं नव्हतं. टेम्पो हायवेला लागेपर्यंत पोरींचं गाणं ऐकू येत होतं. मी घरात आले आणि उंबऱ्यात आडवी पडले. डोकं आत, पाय ओट्यावर. पोलीस खड्ड्यात जाऊ दे, उंची खड्ड्यात जाऊ दे, मला पुढच्या थंडीत त्या टेम्पोत असायचं होतं, बस. पोरींच्या ओलांडण्यावर माझा आता भरवसा नव्हता. मोठं माणूस पाहिजे होतं. आईला विचारण्यात अर्थ नव्हता. मी अण्णांची वाट बघत होते.

ते रात्रपाळी करून आले. डोळे तांबारलेले, हातात डब्याची पिशवी, अंगाला कंपनीच्या तेलाचा वास.

“काय गं, अशी उंबऱ्यात का पडलीस?”

“मला वलांडून आत या.”

त्यांना कळायला वेळ लागला नाही. पिशवी खाली ठेवली. “ऊठ. येडी का काय.”

“तुम्ही तर मानत न्हाई ना? आईला हसता. विहारात सांगता. मंग वलांडा की! तुमच्यासाठी नुस्तं एक पाऊल हाय.”

“मानत न्हाईच मी.”

“मंग या.”

अण्णा उभे. उन्हात, झोपेला आलेले. मी खालून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी चप्पल काढली. एक पाय थोडासा उचललेला मी या डोळ्यांनी पाहिला. मग त्यांनी तो परत खाली ठेवला, चप्पल घातली, पिशवी उचलली आणि घराला वळसा घालून निघून गेले. शेळ्यांचा गोठा, लिंब, चिपाडाचा ढीग, सगळं ओलांडून ते मागच्या दाराशी आले. त्याला आतून कडी होती. “ए, कडी काढ,” त्यांनी आईला हाक मारली. आई पुढचं दार उघडं असताना हे मागून काय आलेत म्हणून बघतच राहिली.

मी हुंदके देत तिथेच पडून होते. ते आतून आले आणि माझ्या डोक्याशी जमिनीवर बसले.

“गुडघ्याचं काय एवढं,” ते म्हणाले. “तो डॉक्टरच्या हातातला हाय. आज न्हाई तर उद्या करत्याल. वाढ कुनाच्या हातातली न्हाई पोरी. ती खुंटली तर मी परत कुठनं आनू?”

“पर तुम्ही मानत न्हाई!”

“न्हाई मानत.”

“मंग?”

ते माझ्या केसांतली धूळ झटकत राहिले. मग म्हणाले, “मंग काय? ऊठ, आईला चहा ठेव म्हन.”

तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता! बोलतात एक, करतात एक, असंच वाटलं. आज तो वळसा आठवला की राग येत नाही. घरातला देव्हारा ज्याने स्वतःच्या हाताने बाहेर काढला, तो माणूस लेकीच्या चार बोटं उंचीपुढे पाय उचलू शकला नाही. पारखून मानावं हे खरंच. पण काही गोष्टी माणूस आपल्या लेकरावर पारखून बघत नाही, एवढंच मला त्यातून कळतं, आणि तेवढं मला पुरतं.

मी वाढले. चांगली वाढले. स्कर्टची दुमड संपली तेव्हा आईने खाली वेगळी पट्टी जोडली. सहा-सहा महिन्यांनी पुण्याला जायचं, एक्स-रे काढायचा, डॉक्टर रेघ बघायचे आणि मान हलवायचे. दहावी झाली आणि ते म्हणाले, “बुजली.” रेघ असते तेव्हा दिसते, बुजल्यावर बघायला काहीच नसतं; तरी अण्णा कितीतरी वेळ तो एक्स-रे उजेडाकडे धरून बसले. ऑपरेशन झालं. पायाला वाळूची पिशवी बांधून वर-खाली, वर-खाली करण्यात आणखी एक थंडी गेली. त्यानंतर एक हंगाम खेळले. पाय रेघेला टेकायचा, पण वळताना मन आधी विचारायचं, वळू का? आणि कबड्डीत विचारायला वेळ नसतो. शिवाय थांबण्याच्या काळात गुडघा सारखा निसटून आतली गादी थोडी झिजली होती, ती झिजलीच. पोलिसात उंची पुरून उरली असती, पण धावणं जमेना. मग खेळाची शिक्षिका झाले आणि शिरूरला आले. मंगल जिल्ह्याच्या टीमपर्यंत गेली. भेटली की अजून म्हणते, “माझ्यामुळंच तू उंच झालीस, ध्येनात ठेव.”

आणि आता सई. तिला मी कबड्डीत घातलं नव्हतं, ती आपणहून गेली. गेल्या महिन्यात शाळेच्या मैदानावर ती वळली आणि पडली. मी कडेला शिट्टी घेऊन उभी होते. तिचा चेहरा बघताच मला कळलं. पुन्हा पुणं, पुन्हा उजेडावर लावलेला एक्स-रे, पुन्हा ती रेघ. मी तिथल्या डॉक्टरबाईंना म्हटलं, “म्हणजे वाढ संपेपर्यंत थांबायचं ना?” त्या म्हणाल्या, “थांबलंच पाहिजे असं आता नाही. रेघेला धक्का न लावता, तिला वळसा घालूनही करता येतं. हिची वाढ किती उरलीय, गुडघा किती निसटतोय, ते बघून ठरवावं लागतं. हिचा फार निसटतोय. थांबलो तर गादी जाईल. मला वाटतं, करून घेऊ.” वळसा हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी मात्र बाहेर येऊन बाकावर बसले आणि थोडं रडले. सईला वाटलं मी ऑपरेशनला घाबरले. घाबरलेही होते. आपलं थांबणं पोटात घालता येतं, लेकराचं काहीच पोटात घालता येत नाही.

ऑपरेशनआधी पायात ताकद हवी म्हणून तिला व्यायाम दिलेत. आमचं घर म्हणजे दोन खोल्या. पलंग आणि टीव्हीच्या मधल्या पट्ट्यात चटई टाकून ती सकाळी पाय वर-खाली करते. आई गेल्यापासून अण्णा आमच्याकडेच असतात. हातात काठी आलीय, ऐकू कमी येतं, बाकी जीभ तशीच आहे. पलंगावरून उठून स्वयंपाकघरात चहाला यायचं, हा त्यांचा सकाळचा प्रवास. वाट एकच, त्या पट्ट्यातून.

आज सकाळी मी चहा गाळून हाक मारली. काठीचा आवाज आला आणि थांबला. डोकावून पाहिलं. सई चटईवर आडवी, आणि तिच्या पलीकडे अण्णा, एक हात टीव्हीच्या टेबलावर, एक काठीवर. बाजूने जायला जागा नाही. या घराला मागचं दारही नाही.

“आबा, ओलांडून जा ना,” सई पाय न थांबवता म्हणाली. “मला अजून वेळ लागेल.”

“लागू दे.”

“चहा गार होईल.”

“हुं दे. तुझं चालू दे सावकाश.”

मला राहवलं नाही. मी दारातून म्हटलं, “अण्णा, तुम्ही तर मानत नाही ना?”

“न्हाई मानत,” अण्णा म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

मी त्यांच्या चहावर बशी झाकली.